बंदुकीच्या कपाटातला रेडिओ

सावनी : गंध कुठे लावू, बाबा? शिक्क्यावर की सहीवर?

रंगाराव : थट्टा नको. आज पावती म्हणजेच बंदूक. बंदूक ठाण्यात, पावती येथे. पाटावर मधोमध ठेव तिला.

सावनी : ठेवते. पण आयुधपूजेला कागद पुजलेला आमच्या नाशकात तरी मी पाहिला नाही.

रंगाराव : तुमच्या नाशकात एका वर्षात दोनदा बंदूक मागतात काय? मे महिन्यात विधानसभेची निवडणूक म्हणोन नेली. आता महापालिका म्हणोन नेली. गल्लीतलं गटार कोणी उपसावं ते ठरेपर्यंत माझी दुनळी ठाण्यात.

सकवारबाई : मे महिन्यातली परत दिली की हो.

रंगाराव : दिली. कशी दिली ते विचार. नळीत चिंधी फिरवली तर तांबडी होऊन बाहेर आली. वडिलांनी तंजावरला तेल घालोन सांभाळली, मी मद्रासला आणली, समुद्राची हवा असोन गंजाचा ठिपका पडू दिला नाही. ठाण्यातल्या पोराला म्हटलं, तंबी, म्हणजे बाळा, हे काय? तर म्हणतो, "तात्ता, त्या खोलीत फॅन नाही." मला आजोबा म्हणायचं आणि माझी बंदूक कुजवायची.

सकवारबाई : सरि, बरं. बंदुकीचं झालं. आता माझ्या रेडिओचं बोला.

रंगाराव : रेडिओ कपाटात आहे.

सावनी : बंदुकीच्या लोखंडी कपाटात, कुलपात. मी तुमच्या लेकाला, कार्तिकला, सांगितलं तर तो म्हणाला, बाबांनी अटक केली का त्याला?

रंगाराव : हसा. बंदूक घरी येईतो तो बाहेर येणार नाही. त्यानेच सांगितलं ना, परवानावाल्यांनी शस्त्रं जमा करावीत म्हणोन. ती बातम्या देणारी बाई तर अशा गोड गळ्याने सांगते, जणू दूध उतू चाललंय, खाली उतरवा.

सावनी : पण रेडिओने नेली नाही ना बंदूक. तुम्हीच चादरीत गुंडाळून, कार्तिकच्या गाडीतून नेलीत.

रंगाराव : कोणाच्या सांगण्यावरोन? पोरी, मी हा सरकारी रेडिओ लहानपणापासून ऐकतो आहे. त्याने एकदा तरी विचारलं काय, रंगाराव, तुझं कसं? तो सांगतो. रेशन असं, कर असा, दिवे मालवा, बंदुका आणा. उलट बोलायला त्याला कान नाहीत. असला पाहुणा मी घरात का ठेवू?

सावनी : ठाण्याच्या रांगेत बाकीचे काय म्हणत होते? त्यांच्याकडेही असतील की रेडिओ.

रंगाराव : सगळे चादरीत नाही तर गोणपाटात गुंडाळोन उभे. माझ्यापुढे नारायणस्वामी, चहाच्या मळ्यावरोन निवृत्त झालेले, त्यांची हत्ती पळवायची रायफल. ते म्हणाले, आपण सकाळी सरकारी बातम्या ऐकल्याशिवाय कॉफी घेत नाही. का, तर टीव्हीवाले ओरडतात, आणि सरकारी रेडिओ खोटं बोलला तरी सावकाश बोलतो.

सावनी : हे पटलं मला.

रंगाराव : मला नाही पटलं. आणि मागे तो अरुण. अंबत्तूरला नटबोल्टचा कारखाना, खिशात मावेल एवढं पिस्तूल. म्हणतो, सरकारी स्टेशन आता कोण लावतं अंकल, ते ज्यांच्याकडे वीज नाही त्यांच्यासाठी. आम्ही गाडीत एफएम लावतो, गाणी, गप्पा, बक्षिसं. मी म्हटलं, तुझ्या एफएमने तुला आजची तारीख सांगितली काय? तर म्हणतो, ड्रायव्हरने सांगितली.

सकवारबाई : ड्रायव्हरला कोणी सांगितली?

रंगाराव : ते मी विचारलं नाही.

सावनी : आणि तुम्ही काय सांगितलंत, तुमच्या रेडिओबद्दल?

रंगाराव : जे आहे ते. म्हटलं, आमच्या घरी ती वस्तू चालू देत नाही मी.

सावनी : बाबा, काल तुम्ही देवळात गेला होतात तेव्हा वादिराजकाकांचा फोन आला होता. अण्णा नगरचे, सोन्याचं दुकान आहे ते.

रंगाराव : रांगेत नव्हता तो. त्याचं काय?

सावनी : त्यांना नोटीस आलीय. मुदत टळल्यावर बंदूक जमा केलीत, तेव्हा परवाना का रद्द करू नये याचा खुलासा करा म्हणून. रडकुंडीला आले होते. म्हणाले, मला कुणी पत्र पाठवलं नाही, घरी कुणी शिपाई आला नाही, आणि ठाण्यात म्हणतात रेडिओवर सांगितलं होतं की. मला विचारत होते, रंगारावांना वेळेवर कसं कळलं?

रंगाराव : मग?

सावनी : मग काय. खरं ते सांगितलं. आईंनी सकाळच्या बातम्यांत ऐकलं आणि तुम्हाला आंघोळीतून हाक मारली.

रंगाराव : हे तू वादिराजला सांगितलंस?

सावनी : त्यांनी विचारलं.

रंगाराव : तो उद्या नारायणस्वामीला सांगणार. नारायणस्वामी सगळ्या क्लबाला सांगणार. रंगाराव रांगेत उभा राहोन रेडिओला शिव्या देत होता आणि बायकोच्या रेडिओमुळेच रांगेत होता. छान केलंस.

सकवारबाई : तिला का बोलता? तो कपाटात बसला आहे त्याला बोला. तुमचा परवाना वाचवला, हा त्याचा गुन्हा.

रंगाराव : तू मध्ये पडू नको.

सकवारबाई : मध्ये मीच आहे. कपाटात तुमची वस्तू नाही, माझी आहे. मला काचबिंदूचे थेंब कधी घालायचे ते घड्याळात दिसत नाही. सकाळच्या बातम्या संपल्या की एकदा, दुपारी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की एकदा, रात्रीच्या बातम्यांना एकदा. आता घरात आवाजच नाही. काल दुपारचे घातले की नाही, मला ठाऊक नाही.

रंगाराव : मला विचारायचं होतंस. मी घातले असते.

सकवारबाई : तुम्ही सकाळपासून ठाण्याला पत्रं लिहिता. सावनी ऑफिसला जाते. मी कोणाला विचारू, कपाटाला?

सावनी : आई, मला का नाही बोललात? मी ऑफिसातून फोन केला असता.

सकवारबाई : तू अंबत्तूरहून माझ्या डोळ्यांची राखण करणार काय? आणि माझा रेडिओ असताना मी फोनची वाट का बघू?

रंगाराव : किल्ली देतो. पण बोलून गेलो आहे मी, बंदूक येईतो नाही म्हणोन. कार्तिकसमोर बोललो, रांगेत बोललो.

सकवारबाई : किल्ली मी मागतच नाही. मी पाटाचं विचारते आहे. सावनी, पाटावर काय ठेवलंस?

सावनी : पावती. शिवाय बाबांचा पाना, कार्तिकच्या गाडीची किल्ली, माझा लॅपटॉप, विळी.

सकवारबाई : मधली जागा पावतीची?

रंगाराव : होय. बंदुकीची जागा आहे ती.

सकवारबाई : आणि उद्या? आपल्या घरची रीत तिला सांगा. ती नवी आहे.

रंगाराव : रीत काय, सर्वांना ठाऊक आहे. आज पाटावर बसलं त्याला हात लावायचा नाही. उद्या विजयादशमीला सकाळी घरच्या कर्त्याने मधली वस्तू हातात घ्यायची आणि चालवायची. मी दरवर्षी रिकाम्या नळीचा घोडा ओढतो. वडीलही ओढत.

सकवारबाई : मग उद्या पावती कशी चालवणार?

सावनी : खरंच की. वाचून दाखवायची का मोठ्याने?

रंगाराव : तू गप्प बस.

सकवारबाई : चालत नाही ती वस्तू मध्ये बसत नाही. तुमच्या वडिलांनीच मला शिकवलं. एका वर्षी बंदूक दुरुस्तीला होती, तर त्यांनी मध्ये पाण्याचा पंप ठेवला, आणि सकाळी स्वतः सुरू केला. आठवतं?

रंगाराव : पंप वेगळा. पंपाने कोणाची बंदूक मागितली नव्हती.

सकवारबाई : सरि. मग तुम्हीच सांगा, या घरात रोज चालणारं, सगळ्यांच्या उपयोगी पडलेलं, आणि आज कोणाच्याही हातात नसलेलं काय आहे? मी नाव घेत नाही.

सावनी : मीही नाही घेत.

रंगाराव : दोघींनी ठरवोन आणलं आहे हे.

सकवारबाई : तुम्ही म्हणालात, बंदूक येईतो बाहेर काढणार नाही. बंदुकीच्या जागी बसवायला काढला तर शब्द कोठे मोडतो?

रंगाराव : त्याला मी हळदकुंकू लावू? ज्याने माझी दुनळी नेली त्याला?

सकवारबाई : तुम्ही नका लावू. सावनी लावेल. तुम्ही फक्त उद्या चालवा.

सावनी : बाबा, कार्तिक कोहळा आणि पुरी, म्हणजे कुरमुरे हो, घेऊन येईलच इतक्यात. तो यायच्या आधी मांडून होऊ दे. मनधरणी करावी लागली ते त्याला कळणार नाही.

रंगाराव : ही किल्ली. जपोन काढ. वरचा खटका सैल आहे त्याचा. आणि पावती उचल तेथून. मळेल.

(दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाटावरची फुले सुकली आहेत. रंगाराव धुतलेलं धोतर नेसून पाटासमोर बसले आहेत.)

सकवारबाई : घेतलात हातात?

रंगाराव : घेतला. हलका आहे फार. हातात काही घेतल्यासारखं वाटत नाही.

सकवारबाई : फिरवा बटण.

रंगाराव : फिरवलं. ऐक. भजन लावलं आहे.

सकवारबाई : दोन ऑक्टोबर आज. गांधीजयंती.

रंगाराव : बंदुकीच्या जागेवर बसवला, शस्त्र उचलायच्या दिवशी उचलला, आणि हा भजन म्हणतो. नारायणस्वामी ऐकत असेल आत्ता, कॉफी पीत.

सावनी : बंद करू का, बाबा?

रंगाराव : असू दे. याच्यामागे बातम्या लागतील.

सकवारबाई : लागतील.

(बातम्या लागतात आणि संपतात.)

रंगाराव : सावनी, ती थेंबांची बाटली इकडे दे. सकवार, मान मागे कर. आधी कोणत्या डोळ्यात?