केस की 'स्रस्त'

चेक देशातल्या मोराविया भागात, एका गावी, जनावरांच्या दवाखान्यात द्राहोमीराबाई मांडीवर मांजर घेऊन बसल्या होत्या. शेजारी बसलेल्या बाई नवऱ्याला सुनावत होत्या, पण बोलत होत्या पायाशी बसलेल्या कुत्र्याशी.

"ब्रोक, मालकाला सांग, माझ्या डोक्यावर केस आहेत. 'स्रस्त', जनावराची लव, ती तुझ्या अंगावर असते."

"यार्मिला, एवढे उपचार सोसलेस, सगळे केस गेले, मग डोक्यावर जरा लव दिसली. आनंदाच्या भरात निघालं तोंडून, स्रस्त आली म्हणून."

"चर्चच्या दारात, सगळ्या गाणाऱ्यांसमोर निघालं, ब्रोक. म्हणून मी रविवारी गायला जाणार नाही, हेही सांग."

"मी शाळेतल्या मास्तरांना विचारून आलोय. फार जुना शब्द आहे म्हणाले. आपण चेक, पोलिश, रशियन, सगळे एकच भाषा बोलायचो तेव्हाचा. मुळात म्हणजे ताठ उभं राहणारं, राठ."

"म्हणजे आता मी साळिंदर. ऐकलंस ना, ब्रोक?"

"अगं, अंगावर काटा उभा राहतो ना, तसं. तू स्तोत्राचा वरचा सूर लावलास की माझ्या अंगावर राहतो तसा."

"हिवाळाभर तिथे माझ्या जागी दुसरीच बाई गात होती."

"तेच सांगतोय. हिवाळाभर माझी स्रस्त आडवीच होती."

द्राहोमीराबाईंनी हसू दिसू नये म्हणून मांजराच्या पाठीत तोंड लपवलं. तेवढ्यात आतून ब्रोकच्या नावाचा पुकारा झाला.

"चल, ब्रोक. आणि मालकाला सांग, रविवारी पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. लोकांना उभी स्रस्त दिसायला नको."