मूठभर कांद्यांची परीक्षा

सिन्नरच्या स्टँडवर नाशिकच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक आत्या आणि संख्याशास्त्रात पीएचडी करणारी तिची भाची बसल्या होत्या.

"तृप्ती, तोंड का उतरलंय?"

"सरांना मेल टाकलाय, तुमची पद्धत चुकते म्हणून."

"अगं बाई! कोणती पद्धत?"

"ढिगातले मूठभर कांदे तोलायचे. मग त्याच कांद्यांतून पुन्हा पुन्हा उचलून अख्ख्या ढिगाचा अंदाज बांधायचा."

"पण अंदाज चुकला हे कळतं कसं?"

"ढीग मीच कॉम्प्युटरवर बनवते ना! खरं वजन मला आधीच माहीत असतं. असे हजारो ढीग केले. शंभरात पाचदाच चुकेल असं पद्धत सांगते, पण कांदे कमी घेतले की त्याहून जास्त वेळा चुकते."

"मग सर लय चिडतील."

"त्याचीच भीती वाटते गं. थांब, त्यांचाच फोन... हो सर. हो, परत चालवून पाहिलं... मी? परिषदेत?... हो सर!"

"काय म्हणले?"

"त्यांनीही चालवून पाहिलं. चुकतेच म्हणाले. परिषदेत हे मीच मांडायचं!"

"मग रडतीस कशाला, येडे?"

"कुठं रडतेय? ऊठ, गाडी लागली."

"जाऊ दे ती गाडी. आधी माझ्या भावाला फोन लाव."