काळ्या कोटाची पांढरी शिवण

नाही वन्सं, आत नका जाऊ — हे तयार होतायत. अहो, तयार म्हणजे तयार, आजारी नाहीत, काही नाही. बसा ना तुम्ही. एवढा पाच तासांचा प्रवास करून आलात, कळवलं असतंत तर... नाही नाही, तक्रार नाही हो, तुमचंच घर आहे. फक्त हळू बोला. ते दार नुसतं प्लायचं आहे, इकडची कुजबुजसुद्धा आत जाते. हो, मीच बोलावलं तुम्हाला, नाही कुठे म्हणते मी — पण ते ह्यांना ठाऊक नाही, म्हणून म्हणते, हळू.

काय सांगू तुम्हाला. महिना झाला. ह्यांची अवजारांची पिशवी धुवायला काढली — लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची पिशवी, पाने, पक्कड, ग्रीसचा डबा, आणि तळाशी काय? नेलपॉलिशची बाटली. काळी. अर्धी संपलेली! एकवीस वर्षांत ह्या माणसाने मान वर करून कुठल्या बाईकडे पाहिलं नाही, आणि ही कोण काळी नखं रंगवणारी? संध्याकाळी बाटली ताटाशेजारी ठेवली. हे म्हणाले, माझीच आहे. पायाच्या नखांना लावतो. बुटात असतात, कुणाला दिसत नाहीत. — खरं सांगू, वन्सं? एक क्षण वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं. निदान कुणाला सांगून रडता तरी आलं असतं. हे कुणाला सांगू? शेचाळीस वर्षांचा माणूस, त्याला काळा कोट, काळे बूट, डोळ्यांत काजळ घालून चारचौघांत जायचंय. गॉथ म्हणतात त्याला. मग मला सगळं सांगितलं. त्या बागेसमोरच्या उंच इमारतीची लिफ्ट ह्यांच्याकडे आहे ना, तिचं मशीन गच्चीवर. रविवारी संध्याकाळी डबा खाताना खाली ती माणसं जमलेली दिसायची — सगळी काळ्यात, छत्र्यासुद्धा काळ्या, गप्पा मारतायत, हसतायत. सहा वर्षं हे वरून बघत होते. सहा वर्षं! मी इकडे विचारत होते, डबा नीट संपवलात का, आणि हे म्हणत होते, संपवला.

तर दुसऱ्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला. घाबरले होते हो. म्हटलं, आईच्या माघारी ह्यांना तुम्हीच वाढवलंय, तुमचा शब्द हे खाली पडू देत नाहीत, या आणि समजवा. तुम्ही म्हणालात, रजा मिळाली की येते. आता आलात — आणि मी तुम्हाला दारातून आत घेतलं तेव्हा वाटलं, आजच का आलात.

का म्हणजे? मध्ये कोटाचं झालं ना. लग्नातला तो पांढरा सुती कोट आठवतो? हे एकदा घेऊन आले, म्हणाले, काळा करून देशील? तोंड इतकंसं करून. म्हटलं आण — अहो, आणा म्हटलं. मोठ्या पातेल्यात रंग उकळला, तासभर ढवळला, वाळवला. कापड झालं कुळकुळीत काळं — आणि शिवण? पांढरीशुभ्र! दोरा पॉलिएस्टरचा, त्याला सुती कपड्याचा रंग धरतच नाही. पंधरा वर्षं लोकांचे कपडे शिवते मी, मला कळायला नको? ह्यांनी घातला, आरशासमोर उभे राहिले — काळ्यावर टाके न् टाके पांढरे, जसा कुणी खडूनं माणूस आखावा. आणि मी हसले. हसले म्हणजे, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हेही हसले थोडे. मग कोट काढला, घडी घातली, आणि ग्रीस पुसायच्या चिंध्यांत नेऊन ठेवला. दुसऱ्याच दिवशी रविवारचं कामच नको म्हणून सांगितलं कंपनीत. गच्चीवर जाणंच बंद!

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. कोट उचलून आणला. सगळा उसवला — बाह्या, कॉलर, खिसे, काज सुद्धा — आणि काळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवला. आठवडा गेला. आणि नेम धरला, एकवीस दिवस ह्यांच्या कपड्यांबद्दल वाकडा शब्द तोंडातून काढायचा नाही. हसू नका, माझे नेम असेच असतात. हे काल रात्री म्हणाले, उद्या जाऊन येतो. एकदाच. पाच वाजता जमतात ते.

तुम्हाला फोन करून येऊ नका म्हणायला हवं होतं, धीर झाला नाही. कारण मला माहितेय ना तुमचा एक शब्द काय करतो ते. हे सोळा वर्षांचे असताना तुम्ही नुसतं म्हणालात, आवाज घोगरा आहे तुझा — त्यानंतर ह्यांनी गाणं म्हटलंच नाही. लेकीला झोपवताना सुद्धा नाही, नुसतं थोपटायचे. तुम्हाला आठवतही नसेल. ह्यांना आठवतं. म्हणून हात जोडते, आज काही बोलू — अहो, उठलात कुठे? बसा ना. बाहेरच्या दारात काय उभ्या —

कडी वाजली.

या. या ना बाहेर. ... अगंबाई. खांद्यावर किती छान बसलाय. बूटही... आणि हाताच्या नखांना पण लावलंत! वन्सं, बघा — वन्सं? ह्यांच्याकडे बघा ना, जमिनीकडे काय बघता? ते तुमच्या तोंडाकडे बघतायत. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे.

काय म्हणालात? ... लोक काय म्हणतील?

अहो, नाही. बटणाला हात लावू नका. काढू नका म्हणते ना! हात खाली घ्या. ऐकलंत ना आतून सगळं? हो, फोन मी केला होता. तुम्हाला अडवायला मीच बोलावलं वन्संना. रागवा माझ्यावर, हवं तेवढं रागवा, पण परत आल्यावर. पावणेपाच झालेत.

वन्सं, तुम्ही मोठ्या. आजवर तुमच्या शब्दापुढे गेले नाही मी. जरा बाजूला व्हा दारातून. त्यांना उशीर होतोय.