चौथा नंबर

हरिबा : आवाज वाढव की गं! मोबाइल मुका का ठेवलाय?

पूनम : स्पीकर बिघडलाय, आबा. चित्र तेवढं येतंय. मी सांगते ना.

हरिबा : सांग. एक डोळा पट्टीत, दुसऱ्याला निस्तं धुकं. पोरगं आशियाच्या फायनलला पळतंय आन् बाप बसलाय भिताडाकडं तोंड करून!

पूनम : त्याआधी शाळेचा कागद. दौंडला पळायच्या चाचणीला पालकाची सही लागती...

हरिबा : मल्हारला मेडल मिळू दे, मग बघू तुझा कागद. सुटली का शर्यत?

पूनम : सुटली! पंधराशे मीटर, पावणेचार फेऱ्या. बारा जण हायेत. दादा मधी अडकलाय.

हरिबा : कळपात घुसलेलं कोकरू चेंगरतं. भाईर निघ म्हणावं त्याला!

पूनम : हितनं ओरडून त्याला ऐकू जाईल व्हय? थांबा... निघाला, निघाला! बाहेरून निघाला! बरगडीत एक कोपर खाल्लं, तरी हटला न्हाई. सातवा हाय.

हरिबा : माझा वाघ!

पूनम : घंटा झाली. शेवटची फेरी! सहावा... पाचवा... चौथा! म्होरं जपानचा पोरगा, आन् दादा त्याच्या पाठीला गोचिडीगत चिकटलाय! आलं, आलं, लाइन आली...



हरिबा : बोल की! जीभ गिळलीस का?

पूनम : चौथा आला, आबा.

हरिबा : चौथा?

पूनम : तीन मेडलं तिघांना. दादाला काय न्हाई.

हरिबा : अगं, पर साऱ्या आशियात चौथा! ही काय कमी गोष्ट झाली? लेकरू दमलं असंल. फोन लाव त्याला, पोटभर जेव म्हणावं. घरी आला की बोकड कापू.

पूनम : बोकड?

हरिबा : मग!

पूनम : मी जिल्ह्याला चौथी आले, तवा तुमी माझे स्पाइकचे बूट बंबात घातले. जळल्या रबराचा वास येत हुता पाण्याला. त्याच पाण्यानं अंघूळ करायला लावली. म्हणाला, लंगड्या मेंढीला कळपात कोण ठेवतं?

हरिबा : ती गोष्ट येगळी.

पूनम : चौथा म्हंजी चौथाच की, आबा.

हरिबा : तू पोरगी हायेस. कितीबी पळालीस तरी दुसऱ्याच्याच दारात जाणार. तिथं शेण काढाय काय मेडल लागतंय?

वच्छलाबाई (पूनमची आई, दारातून आत येत) : अवं, ऐकलं का? रासाईच्या देवळापुढं मोठ्या पडद्यावर समद्यांनी बघितलं! आपला मल्हार तिसरा आला, तिसरा! त्या जपानच्याला लाइनीवर छाती पुढं काढून मागं टाकलं! लोकं साखर वाटायल्यात. आन् तुमी असं मयताला आल्यागत का बसलाय?

हरिबा : तिसरा? ही तर चौथा म्हणाली.

वच्छलाबाई : पूनम?

पूनम : तिसराच हाय. चौथ्याला आबा काय म्हणत्यात, ते ऐकायचं हुतं.

हरिबा : टवळे! बापाला दिसत न्हाई म्हणून सख्ख्या भावाचं मेडल चोरलंस?

पूनम : पाच मिनिटं लपवलं. कुणाचे बूट न्हाई जाळले.

हरिबा : ...बरं. झालं ते झालं. ये, हितं बस. शेवटची फेरी पुन्यांदा सांग. खरीखुरी. कसं गाठलं गं त्यानं त्याला?

पूनम : उद्या शिरूरला पट्टी काढली की सोताच बघा.

हरिबा : अगं, सांग की! आण तो कागद, करतो सही. कुठं करायची तिथं बोट धर माझं. मग तर झालं?

पूनम : राहू द्या, आबा. सही आईनं सकाळीच केलीया.