खडूचं तळं

(शिंप्याचं दुकान. कापडं कापायच्या टेबलावर खडूनं एक ओढा काढलाय आणि त्याच्या टोकाला एक तळं.)

शिंपी : ...आणि म्हणून मी आजपासून तुझ्याशी संबंध तोडलेत.

चष्मेवाला : काय म्हणालात दादा?

शिंपी : कुठे काय? बस. ते स्टूल ओढ. तर तंबू कोण उचलणार?

चष्मेवाला : तुम्ही आत्ता संबंध तोडले म्हणालात.

शिंपी : मशीनचा आवाज असेल.

चष्मेवाला : मशीन बंद आहे.

शिंपी : तंबू.

चष्मेवाला : मी उचलतो. तुम्ही भांडी आणि गळ घ्या.

शिंपी : आणि तुझे गुडघे? दर वर्षी निघायची वेळ आली की तुझे गुडघे आडवे येतात. शेवटी कापूस भरून टोप्या शिवून दिल्या मी त्यांना.

चष्मेवाला : टोप्यांनी फार फरक पडला हो.

शिंपी : पडणारच. डबल टीप आहे. बरं, हा ओढा. इथं ओंडक्यावरून पलीकडे जायचं, दुपारपर्यंत गळ टाकून बसायचं. मग चढण. वर हे तळं. मुक्काम या काठाला.

चष्मेवाला : तळं एवढं रुंद नाही हो दादा. थांबा, जरा पुसतो. आणि या काठाला सगळा चिखल. तंबू इकडे, खडकाजवळ.

शिंपी : पुस, पुस. आणखी?

चष्मेवाला : ओंडका-बिंडका काही नाही. बूट हातात घेऊन उतरायचं. पाणी इतकं गार की...

शिंपी : की?

चष्मेवाला : ...असेल. असावं.

शिंपी : इतकी वर्षं दर शनिवारी आपण दोघं हे तळं काढतोय. मी आपला मनानं काढतो, बाहीचा घेर काढावा तसं. तुला त्यात चिखल कुठून दिसला?

चष्मेवाला : चष्मेवाल्याची नजर, दादा.

शिंपी : परवा तुझे ते दातांचे डॉक्टर आले होते. पँट उसवली म्हणून. खालच्या दुमडीत हे अडकलं होतं.

चष्मेवाला : गळ दिसतोय.

शिंपी : गळाला बांधलेली नकली माशी दिसतेय. कोंबड्याचं पीस, हिरवा रेशमी दोरा आणि शेवटी काजाचा टाका. मासे धरणारा कुठलाही शहाणा माणूस काजाचा टाका घालत नाही. मी घालतो. आपण जाऊ तेव्हासाठी म्हणून तुला दिली होती.

चष्मेवाला : पाहणी होती दादा. नुसती पाहणी.

शिंपी : दातांची?

चष्मेवाला : डॉक्टर म्हणाले, रविवारी जाऊ. आणि रविवारी चक्क गेलो! असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. खरं सांगू? मला वाटायला लागलं होतं, ते तळं मुळात नाहीच.

शिंपी : मग?

चष्मेवाला : आहे.

शिंपी : गुडघे चालले म्हणायचे डॉक्टरबरोबर. माझ्या टोप्या घालून.

चष्मेवाला : एकच घातली. दुसरी डॉक्टरांनी मागितली.

शिंपी : वा! आणि मी त्यांच्या पँटला गुडघ्यावर आतून अस्तर लावून दिलं. साडूचा माणूस म्हणून. मासा लागला?

चष्मेवाला : एक. तुमच्याच माशीला.

शिंपी : गळ कुणाच्या हातात होता?

चष्मेवाला : डॉक्टरांच्या.

शिंपी : तोंड उघडून बघितलं असेल.

चष्मेवाला : बघितलं. काही करायची गरज नाही म्हणाले, आणि सोडून दिला.

शिंपी : हं.

चष्मेवाला : दादा, या रविवारी आपण जाऊ. शपथ. आता वाट माहीत झालीय मला.

शिंपी : तीच तर. वाट दोघांनी मिळून चुकायची होती. आता तुम्ही पुढे चालणार आणि मी मागून विचारत येणार, अजून किती राहिलं?

चष्मेवाला : मला ‘तुम्ही’ नका म्हणू हो. घरी त्या दोघी बहिणींना काय सांगू आपण?

शिंपी : सांगा, मशीनचा आवाज होता.

चष्मेवाला : चुकलो दादा. काय करू, सांगा. म्हणाल ते करतो.

शिंपी : माननीय साडूभाऊ, हा घ्या खडू. अर्जदाराची विनंती एवढीच, की सदर तळे आपण पुसण्यापूर्वी जेवढे रुंद होते तेवढे करून, दोघांपैकी कोणीही न पाहिलेल्या स्थितीत, अर्जदारास परत करण्यात यावे.