पाचरीचं टोक

—त्या खुर्चीवर नको बाई, तिचा पाय हलतो. इकडे शेगडीजवळ बसा. आणि दार लोटून घेतो जरा, आत भाऊ झोपलाय. झोपलाय कसला, पडलाय. हा खोकला ऐकताय ना, तो त्याचाच. पाटीच्या दगडाची धूळ. दोघांनीही खाणीत जन्म काढला, मी कड्यावर उघड्यात आणि तो शेडमध्ये फरशा चिरायला, म्हणून मी इथे उभा आहे आणि तो आत पडलाय. बाकी फरक काही नाही. चहा काळाच मिळेल. दूध आजच्यापुरतं त्याला ठेवलंय.

फोटो दाखवा परत. हं. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा. खाली छापलंय ए. स्टॅकपोल, आणि तुम्ही म्हणता हा माझा बाप नव्हे. नव्हेच. तुमचे वडील म्हणजे काडी, जाड भिंगांचा चष्मा, वारा आला की टोपी सांभाळायची की स्वतःला असा प्रश्न. हा बघा, नाक मोडलेलं, मान बैलाची, केस खांद्यापर्यंत. केस सगळेच वाढवायचे तेव्हा, सप्टेंबरपासून न्हाव्याकडे जायचं नाही, डोक्याला तेवढीच गादी. आताच्या पोरांसारखे चामड्याचे टोप नव्हते आम्हाला— आम्हाला म्हणजे त्यांना. असू द्या. फोटोच्या मागे तुमच्या वडिलांनी माझं नाव लिहून ठेवलंय, हायवेल, पाटीची खाण, म्हणून तर तुम्ही आलात. मग आता लपवू काय. तो मी आहे.

मला काय शाळा. नऊ वर्षांचा असताना दगडाचे तुकडे वेचायला लागलो. पण टेकडीवरच्या कॉलेजला हातात चेंडू घेऊन धडकायच्या त्या अमेरिकन फुटबॉलसाठी माणूस हवा होता, शिकलेला नको होता, न हलणारा हवा होता. त्या काळी सगळेच आणायचे बाहेरची माणसं. कुणी लोहार आणला, कुणी गोदीतला हमाल, आणि नाव लावायचं एखाद्या नव्या पोराचं, ज्याला अजून कुणी तोंडानं ओळखत नाही. आणि दोघांनाही शपथ, जन्मात कुणाला सांगायचं नाही. तुमचे वडील त्या सप्टेंबरातच आले होते. त्यांनी आपणहून दिलं नाव. का दिलं, ठाऊक आहे? त्यांना खेळाचं वेड होतं. अंगात बळ नाही, पण डोकं असं की काय सांगू— टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडायचे आणि मला बसवायचे समोर. 'हायवेल, ही पाचर. नऊ सोंगट्या, दोन रांगा, पुढे एकत्र येणाऱ्या. आत चेंडूवाला. मागून ढकलायला अकरावा. आणि हे टोक, हा तू.' पाचर मला कुणी शिकवायची का? रोज पाचरी ठोकून दगड फोडायचो मी. पण माणसांची पाचर, ती त्यांनी शिकवली. 'टोक विचार करत नाही,' म्हणायचे. 'टोक नाकासमोर जातं. तू बोटभर वळलास की मागचे दहाही वळतात.'

तेव्हा चेंडू पुढे फेकायची मुभा नव्हती. आता टेकडीवर जा, आज शनिवार आहे, चालूच असेल, फेकतात आणि पळतात, फेकतात आणि पळतात, चिमण्या उडवल्यासारखं. आम्हाला तीन खेपांत पाच यार्ड पुढे काढायचे असायचे, आणि ते माणसांतूनच काढायचे. आमच्या विजारींना कमरेला चामड्याच्या मुठी शिवलेल्या असायच्या. डावीकडचा माझी एक मूठ धरायचा, उजवीकडचा दुसरी, त्यांच्या मुठी त्यांच्या मागचे. असे धरून पळायचो. पुढे कुणी नाही, पण मागे— कसं सांगू बाई— मागे सगळे आपलेच. दहा जणांचं वजन आपल्या कंबरेत. रस्त्यात भेटले तर ओळख दाखवायचे नाहीत ती पोरं, तसं ठरलेलंच होतं, मोठ्या घरची पोरं ती, आणि मी खाणीतला. पण शनिवारी धरायचे. घट्ट धरायचे. त्यानंतर मला तसं कुणी धरलेलं नाही.

लग्न? नाही झालं. तो विषय नाही.

आणि तुमचे वडील शनिवारी काय करायचे, सांगितलं त्यांनी कधी? खोलीत बसायचे. पडदे ओढून. मैदानात एक स्टॅकपोल आहे म्हटल्यावर दुसरा रस्त्यात दिसून चालेल का? खिडकीच्या फटीतून आरडाओरडा ऐकायचे आणि आवाजावरून सोंगट्या सरकवायचे. संध्याकाळी मी मागच्या जिन्यानं जायचो, तर टेबलावर अर्धाअधिक सामना बरोबर मांडलेला असायचा. स्वतःचा डाव स्वतः कधी बघितला नाही त्या माणसानं.

हो, येतो तिथेच. नोव्हेंबरातला सामना. नदीपलीकडचं कॉलेज. दोन्हीकडे गुण सारखे, शेवटची पाचर, आणि पाचर वळली. मी वळलो. तिथं फाटली, चेंडूवाला उघडा पडला, त्यांनी चेंडू हिसकावला आणि सामना गेला. पाय घसरला माझा. झालं. एवढंच. पाय घसरला, असं तुमच्या वडिलांना त्याच संध्याकाळी सांगितलं, त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या आणि म्हणाले, ठीक आहे. पेपरात आलं ते स्टॅकपोलच्या नावावर. घ्या, चहा निवतोय.

काय म्हणालात?

बाजूला व्हायचे. कोण, गावातली माणसं? तुमचे वडील रस्त्यानं निघाले की टोप्या काढून वाकायचे आणि बाजूला व्हायचे, आणि तुम्हाला लहानपणी वाटायचं की मान देतात. आणि त्यांच्या मयताच्या दिवशी कुणीतरी सांगितलं की ती थट्टा होती— वळणारा स्टॅकपोल आला, वाट द्या. अडतीस वर्षं. आणि त्यांनी शब्द दिला होता म्हणून एकदाही म्हणाले नाहीत की तो मी नव्हतोच. हे मला माहीत नव्हतं बाई. मला वाटलं, पेपर आज छापतात, उद्या त्यात मासे बांधतात.

हे कात्रण कशाला काढलंत. मला बारीक अक्षर वाचता येत नाही. तुम्ही वाचा. …जमीन दगडासारखी गोठलेली, कोरडी. बरं. मग? कोरड्या जमिनीवर पाय घसरत नाही असं म्हणायचंय तुम्हाला.

नाही घसरत. माझा तर नाहीच. ओल्या दगडावर, तीनशे फुटांच्या कड्याच्या तोंडाशी, पाठीवर दोर घेऊन तेवीस वर्षं उभा राहिलोय मी, एकदा घसरला नाही. खाणीत विचारा कुणालाही. हायवेलचा पाय घसरला असं म्हणणारा एक माणूस आणा माझ्यासमोर. मीच म्हणालो? हो, मीच म्हणालो. आताच.

थांबा. बघू द्या दार नीट लागलंय का. खोकतोय. खोकतोय तोवर ठीक आहे, खोकताना त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

बाई, पाचर अडवायचा एकच उपाय होता— तिच्या टोकाखाली जाऊन आडवं व्हायचं. टोक अडखळलं की सगळी पाचर कोसळते, मात्र त्या आडव्या पडलेल्या माणसावर कोसळते. अकरा जणांचे बूट आणि वजन. कुणी सहसा करत नसे, आणि केलं तर टोकानं थांबायचं नाही, तुडवून जायचं, हा नियम. मी मान खाली घालून निघालो, मागे मुठी घट्ट, आणि सात-आठ पावलांवर त्यांच्यातला एक पोरगा पुढे आला आणि आडवा झाला. तोंड दिसलं नाही. तोंडावर केस होते. पण पडला कसा, ते दिसलं. कुशीवर, गुडघे पोटाशी, डावा हात डोक्यावर दुमडून, उजवा मानेखाली. तसं कुणी पडत नाही बाई. खाणीत सुरुंगाचा भोंगा झाला आणि बाहेर पडायला वेळ नसला तर तसं पडायचं असतं, आणि खाणवाल्यांतही डावा हात वर घेणारा माझ्याशिवाय एकच होता, कारण त्याला ते मी शिकवलं होतं, तो बारा वर्षांचा असताना, मी स्वतः डावखुरा म्हणून.

एमरिस. हाच, आतला. तो नदीपलीकडच्या खाणीत होता, तिथंच खानावळीत राहायचा. त्यांनीही बाहेरची माणसं घेतली होती, त्यांनीही शपथा घातल्या होत्या. आई दर रविवारी म्हणायची, दोघांनाही शनिवारी जादा पाळी, खाणींना झालंय काय. आम्ही दोघंही खाली मान घालून जेवायचो. एकमेकांना एक शब्द नाही. शब्द दिला की दिला, आमच्या घरात तसंच.

मग काय करणार होतो मी? तुडवणार होतो? बोटभर वळलो. बोटभरच. मागचे दहाही वळले, तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं तसेच. त्यांचा डाव चुकला नव्हता, हे लिहून घ्या. डाव बरोबर होता. टोकानं विचार केला, तिथं चुकलं.

त्याला? नाही. त्याला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आला तो एक डोळा काळा करून, म्हणाला शिडीवरून पडलो. मीही म्हणालो, मीही. पुढच्याच वर्षी पाचरीवर बंदी आली, आता शपथ सुटली म्हणाला, मग त्यानं सांगायला सुरुवात केली आणि ते अजून संपलेलं नाही. म्हणतो, बाकीचे उभे राहिले, मी आडवा झालो. समोर स्टॅकपोल, रेड्यासारखा माणूस, आणि मला बघून बिचकला भित्रा. पाचर फाडली मी एकट्यानं. खाणीत सांगायचा, दारूच्या गुत्त्यात सांगायचा, आता रोज संध्याकाळी मला सांगतो. दुसरं काय आहे त्याच्याकडे? पोरबाळ नाही, छाती गेली, घर माझं. आणि मी त्याला लापशी भरवतो आणि ऐकतो— भित्रा स्टॅकपोल, भित्रा स्टॅकपोल. एकदा म्हणालो, अरे, नसेल तो भित्रा. तर म्हणाला, तू होतास का तिथं?

नव्हतो म्हणालो.

लिहा तुम्ही. तुमच्या गावच्या पेपरात द्या, माझं नाव घाला, हायवेल प्राइस, वेल्श माणूस, पाटीच्या खाणीतला, पाय घसरला नव्हता, हे मात्र नक्की घाला. सही करून देतो, सही येते मला. तुमच्या वडिलांचं त्यांना परत मिळालंच पाहिजे. फक्त वसंतापर्यंत थांबा. डॉक्टर म्हणतो, सफरचंदाला मोहोर येईतो एमरिस काही काढणार नाही. अडतीस वर्षं थांबले तुमचे वडील, आता सहा महिने. मी कुणापुढे हात पसरत नाही बाई. हे पहिल्यांदा. मेल्यावर त्याचं काय ते कमी होऊ द्या, पण जिवंतपणी— तो पाचर फाडणारा आहे. त्याला तसाच राहू द्या. मला भित्रा म्हणतो तर म्हणू द्या, मला सवय—

थांबा.

किती वेळ झाला?

खोकला. किती वेळ झाला थांबून? तुम्ही ऐकत होतात ना, मी बोलत होतो, तुम्ही तर ऐकत होतात. मी दगडाच्या कड्याचं बोललो तेव्हा होता. डाव्या हाताचं बोललो तेव्हा… होता का? आठवा नीट.

निघा तुम्ही. फोटो राहू द्या इथेच. नाही, चहा राहू द्या, निघा, फाटक ओढून घ्या, वाऱ्यानं आपटतं.

एमरिस?

एमरिस, खोक की जरा.