येण्याचं कारण : सहज

ते काय न्हाई साहेब, चटई उचला. — शिकलेली माणसं ना तुमी? मग हे खाली पिवळं पसरलंय ते काय रांगोळी हाय व्हय? भात हाय माझं. इंद्रायणी. काल झोडलं, आज वाळत घातलं, आन् तुमी कडेला न्हाई, बराबर वर चटई टाकलीय. — ‘जरा निवांत बसतो’ — बसा की! सगळं विंझर गाव मोकळं पडलंय, माझं खळंच घावलं तुमाला? — न्हाई, आवाज वाढवत न्हाई म्या, माझा आवाजच ह्यो हाय. ह्या बांधावरनं हाक मारली तर पल्याडच्या रानातली म्हस मान वर करती. — आन् ताई, त्यो मोबाईल आधी खाली घ्या. लुगडं हाय ते, वाळतंय. त्याचा काय फोटो काढायचा?

आज आधीच डोस्क्याला ताप हाय. ते बगा, दारात कोण बसलंय. आमचं मालक, साहेबराव. धुतलेलं धोतर, कडक टोपी — सकाळी सहापासनं. अकराच्या यष्टीनं आमी पुण्याला जाणार व्हतो, दोघंच. दिवाळीची सुट्टी काय तुमालाच असती? पर सून भाऊबीजेला माहेरी गेली ती परवापर्यंत येत न्हाई, लेक पानशेतच्या हाटेलात तुमच्यासारख्यांना भाकऱ्या पुरवतोय, मग भात कोण राखणार? चिमण्या हायत, कोंबड्या हायत, आन् आता तुमी. म्हणून म्या म्हणलं, जायचं न्हाई. तवापासनं त्या माणसाच्या तोंडातनं शब्द न्हाई. बोलत न्हाईत, आन् टोपीबी काढत न्हाईत.

पुण्यात काय काम? — काय न्हाई. तुमचं हितं काय काम हाय? — मग! गेल्या दिवाळीला अशीच एक बाई आली, माझ्या उंबऱ्यावर बसली, गोठ्यात डोकावली, शेणाच्या पाटीचा फोटो काढला आन् म्हणली, आज्जी, किती शांत हो तुमच्याकडे, आम्ही सहजच आलो. त्या दिशी रस्त्यानं नुसत्या गाड्या. म्या मालकांना म्हणलं, सगळं पुणं हितं आलंय, म्हंजे तिकडं कुणी न्हाई. चला. आपुनबी सहज जाऊ.

कात्रजला उतरलो. खरंच सांगते, रस्त्याला कुत्रं आडवं येईना. एक मोठी सोसायटी दिसली, गेलो आत. वॉचमन म्हणतोय, कुणाकडं? म्या म्हणलं, कुणाकडं न्हाई, शांत वाटलं म्हणून आलो. त्यो बिचारा चार दिस माणसाशी बोलला नव्हता, वही पुढं सरकवली. म्या माझ्या हातानं लिवलं. नाव — बाळाबाई. फ्लॅट नंबर — न्हाई. येण्याचं कारण — सहज. — व्हय, लिहिता येतं मला! शाळेचं तोंड बघितलं न्हाई, यष्टीच्या पाट्या आन् वाण्याच्या पुडीचे कागद वाचून शिकले. आज गावात कुणाची पत्रिका असू दे, तलाठ्याचा कागद असू दे, माझ्याच दारात येत्यात. एक अक्षर खोटं वाचलं न्हाई म्या आजवर. — एकदा सोडून.

तर काय, पार्किंगात सावलीला घोंगडं टाकलं. भाकरी, ठेचा, कांदा. मालकांनी कांदा फोडला एका गाडीच्या पुढच्या बाकदार पत्र्यावर — दचकू नका, तुमची गाडी तवा हितं आसंल कुठंतरी माझ्या गवताच्या गंजीला टेकून. मग म्या पहिल्या मजल्यावर वाळणाऱ्या एका गाऊनचा फोटो काढला. फुलाफुलांचा व्हता, छान आला. तिसऱ्या मजल्यावरनं एक म्हातारं वाकलं, म्हणलं, काय चाललंय? म्या म्हणलं, काका, तुमी लई नशीबवान हो, किती शुद्ध जिना हाय तुमचा! ते आत गेलं. — हसू नका ताई. तुमी मघा माझ्या चुलीला काय म्हणलात, आठवा.

आन् मग बागेत झोका दिसला. लोखंडी, दोघं बसतील असा. मालक उभंच ऱ्हायलं त्याच्याकडं बघत. तिथं पाटी व्हती — बारा वर्षांवरील व्यक्तींना सक्त मनाई. त्यांना वाचता येत न्हाई. म्हणलं, काय लिवलंय गं? आन् माझ्या तोंडातनं गेलं — साठीच्या पुढच्या नवरा-बायकोसाठी राखीव. — व्हय! खोटं! म्या! — आन् बसलं की ते, टोपी सावरून, गावच्या बैठकीला बसल्यागत. म्या त्यांच्या शेजारी. अडीच तास.

तुमाला न्हाई कळायचं ते. तुमी येताना गाडीत शेजारीच बसून आला. आमच्या लग्नाला तवा चव्वेचाळीस वर्सं झालेली. चालायचं तर ते पुढं, म्या दहा पावलं मागं. यष्टीत ते पुरुषांत, म्या बायकांत. लावणीला एका वळीत असतो, पर तवा तोंड चिखलाकडं. गावात शेजारी बसलो तर सांजपर्यंत तालुक्याला, वेल्ह्याला कळंल. त्या झोक्यावर म्या पहिल्यांदा त्या माणसाला एका बाजूनं, जवळनं बघितलं. त्यांच्या उजव्या कानाला भोक हाय, साहेब. लहानपणी टोचलेला. चव्वेचाळीस वर्सं जेवायला वाढलं, अंगाला तेल लावलं तापात, आन् कानाला भोक हाय हे मला कात्रजला कळलं. नुसता झोका कुरकुरत व्हता. वर्स झालं, म्या रोज त्या भोकाकडं बघते — म्हंजे, बघते असं न्हाई, दिसतं — आता हे तुमाला कशाला सांगतेय म्या? चटईचं चाललं व्हतं आपलं.

— अवो! तुमी ऐकताय व्हय दारात बसून? हसताय? — काय म्हणलात? — ठावं व्हतं? — म्या पाणी आणायला गेले तवा वॉचमननं सांगितलं, पाटीवर काय हाय ते? — आन् वर्सभर गप ऱ्हायलात? आन् तरी अडीच तास उठला न्हाईत? — टोपी नीट करा. वाकडी झालीय.

किती वाजलं साहेब? — पावणेअकरा. — आन् हे काय, चटई कशाला गुंडाळताय? — न्हाई न्हाई, राग कुठं आलाय मला? ठेवा ती खाली. — अवो ठेवा! ताई, तुमी कुठल्या? — सातारा रोड? — सोसायटी हाय? — झोका? — दोघांचा? — मग फोन लावा तुमच्या वॉचमनला. म्हणावं एक आज्जी आन् एक आजोबा येत्यात, वही तयार ठेव, कारण म्या माझं लिवते. — पाटी असू दे, पाटीचं म्या बगते. — न्हाई साहेब, आता जायचं न्हाई, निवांत बसायला आला व्हता ना, मग बसा — ही घ्या काठी, चिमण्या हाका, कोंबडी आली तर दगड मारू नका, तासातासानं भात पायानं खालवर करा, आमी येतो सांजच्या गाडीनं — आन् ते मोजे काढा आधी.